पुढची काच आणि मागचा आरसा

शेजारची लेन आपल्या लेनपेक्षा नेहमी जोरात पळते. यावर इतकं एकमत आहे की पुरावा कुणी मागत नाही. रांगेत अडकल्यावर पाच मिनिटांत आपला निकाल तयार असतो: चुकीच्या लेनमध्ये शिरलो. मग इंडिकेटर द्यायचा, दोन-चार हॉर्न खायचे, पलीकडे घुसायचं. तिथं जरा स्थिरस्थावर होतोय तोवर जुनी लेन सरसर सुटायला लागते. मी रोज गाडी चालवत कामावर जाते. नशीब नावाची चीज असलीच तर ती लेन निवडतानाच कळते, असं मला कित्येक वर्षं वाटत आलं होतं.

१९९९ मध्ये डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी या दोघांनी 'नेचर' या नियतकालिकात या भासाचा छडा लावला. समजा, दोन्ही लेन सरासरीत सारख्याच सरकतात, फक्त आलटून पालटून. तुमची लेन पळत असते तेव्हा शेजारच्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात, त्यामुळे अशा वीस गाड्या तुम्ही अर्ध्या मिनिटात मागे टाकता. मग पाळी उलटते. आता तुम्ही खेटून उभ्या आणि शेजारून जाणाऱ्या गाड्यांमध्ये मात्र ऐसपैस अंतर, कारण पळणाऱ्या गाड्या अंतर ठेवूनच पळतात. वीसच गाड्या, पण त्यांना तुमच्या पुढे जायला दीड-दोन मिनिटं लागतात. हिशेब वीसला वीस, फिट्टंफाट. घड्याळाच्या हिशेबात मात्र प्रवासातला फार मोठा वेळ तुम्ही 'मागे पडत' असता. शिवाय ज्यांना तुम्ही मागे टाकलंत ते नजरेआड होतात, आणि जे पुढे गेले ते लाल दिवे मिरवत डोळ्यांसमोरच राहतात.

गाडीत बसून आपली जी मतं बनतात ती बहुतेक अशीच, पुढच्या काचेतून बनतात. त्या काचेतून दिसतं ते खरंच असतं, पण निम्मंच असतं. दुसऱ्यांनी माझा किती वेळ खाल्ला हे समोर दिसतं. मी दुसऱ्यांचा किती खाल्ला, ते पाठीमागे घडतं. वाहतूक कोंडीचा अभ्यास करणाऱ्यांनी गेली शंभरेक वर्षं जे काही शोधलंय, त्यातलं बरंचसं त्या मागच्या निम्म्याबद्दल आहे.

दुसरं लाडकं मत असं की पुढे कुणीतरी माती खाल्लेली असणार. अपघात झाला असेल, ट्रक बंद पडला असेल, नाहीतर कुणी महाभाग फोनवर बोलत रांगत असेल. अर्धा तास रखडून त्या जागेपर्यंत पोचावं, तर तिथं काहीच नाही. रस्ता मोकळा, गाड्या भरधाव. आपण रखडलो कशासाठी?

जपानमधल्या युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. २३० मीटर घेराचा गोल रस्ता आखून त्यावर २२ गाड्या सारख्या अंतरानं सोडल्या, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम साडेदहा मीटर. सिग्नल नाही, चौक नाही, खड्डा नाही. चालकांना सूचना एकच: ताशी ३० किलोमीटरच्या आसपास चालवत राहा. थोडा वेळ सगळं छान फिरलं. मग कुणाचा तरी पाय जरासा ब्रेकवर गेला असेल, आणि बघता बघता चार-पाच गाड्या चक्क उभ्या राहिल्या. पुढची गाडी सुटली की मागची येऊन थांबायची. कोंडी तशीच राहिली, फक्त गाड्यांच्या उलट दिशेनं, ताशी सुमारे २० किलोमीटरच्या वेगानं मागे मागे सरकत राहिली.

कारण साधं आहे. पुढच्याचे लाल दिवे दिसल्यापासून आपला पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर जातो. तो सेकंद हुकला म्हणून आपण त्याच्यापेक्षा जरा जास्तच ब्रेक दाबतो. मागचा आपल्यापेक्षा जास्त, त्याच्या मागचा त्याहून जास्त. गाड्यांमध्ये अंतर भरपूर असेल तर ही हुडहुडी दोन-तीन गाड्यांत विरते. अंतर कमी असेल तर ती वाढत जाते आणि पंधराव्या-विसाव्या गाडीला पूर्ण थांबवते. ज्याच्यापासून हे सुरू झालं तो तोवर केव्हाच पुढे निघून गेलेला असतो आणि घरी जाऊन सांगतो, आज रस्ता मोकळा मिळाला.

तेव्हा माती खाणारा माणूस असतो खरा, पण तो कोण हे त्याला स्वतःला कधीच कळत नाही. आणि तो आपण असू असं तर कुणालाच वाटत नाही. ओला स्वेन्सन या मानसशास्त्रज्ञानं १९८१ मध्ये लोकांना विचारलं होतं, गटातल्या इतरांच्या तुलनेत तुम्ही गाडी कशी चालवता? अमेरिकेतल्या गटात ९३ टक्क्यांनी आणि स्वीडनमधल्या गटात ६९ टक्क्यांनी स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवलं. वरच्या अर्ध्यात ५० टक्केच मावतात. (मीही तिथंच बसले असते.)

यावर उपाय आहे, आणि तो चिडचिड करायला लावणारा आहे: पुढे अंतर मोकळं सोडा. मोकळी जागा ही लाट गिळते. पण जागा सोडली की कुणीतरी येऊन त्यात शिरतो, आणि आपल्याला वाटतं लुबाडलं गेलो. प्रत्यक्षात एक गाडी पुढे शिरल्यानं आपले जातात साधारण दोन सेकंद. दहा गाड्या शिरल्या तरी वीस सेकंद. रोजच्या प्रवासात एवढा वेळ तर सीटबेल्ट शोधण्यात जातो. तरीही ते दोन सेकंद डोक्यात जातात, कारण तिथं घेणाऱ्याचा नंबर दिसतो.

माणसांच्या पायावर भरवसा नाही, यंत्रं हे सोडवतील, असं तंत्रज्ञानाच्या भक्तांचं म्हणणं असतं. त्यात तथ्य आहे. अमेरिकेत सुगियामांच्या धर्तीवर गोल रस्त्यावर वीसेक गाड्या फिरवून पाहिल्या, त्यातली एकच गाडी संगणकाच्या ताब्यात होती आणि तिला लाट शोषून घ्यायला शिकवलेलं होतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की तेवढ्या एका गाडीनं बाकीच्यांच्या थांब-पळ लाटा दाबल्या. उलट बाजूनं, बाजारात मिळणाऱ्या गाड्यांमधली पुढच्याशी अंतर राखणारी स्वयंचलित क्रूझ यंत्रणा संशोधकांनी तपासली, तेव्हा त्यांतल्या कित्येक यंत्रणा माणसासारख्याच लाट वाढवताना आढळल्या. यंत्राला काय शिकवलंय यावर सगळं आहे. गाडी विकत घेणाऱ्याला स्वतःचा प्रवास सुखाचा हवा असतो. माझ्या मागच्या चाळीस जणांची सोय बघणारी गाडी द्या, असं शोरूममध्ये जाऊन अजून कुणी म्हटलेलं नाही.

वरचे ते दोन सेकंद मात्र लक्षात ठेवा. रस्त्याचं सगळं अर्थकारण त्यांच्यावर चालतं.

वाहतूक जोरात असताना दोन गाड्यांमध्ये साधारण दोन सेकंदांचं अंतर पडतं. वेग वाढवला की चालक अंतरही वाढवतो, म्हणून कितीही जोरात पळवलं तरी एका लेनमधून तासाला फार तर दोन हजारांच्या आसपासच गाड्या जाऊ शकतात. सोयीसाठी १,८०० धरू, म्हणजे बरोबर दोन सेकंदाला एक. गाडी म्हणजे लोखंड, इंजिन, ब्रँड, रंग हे सगळं रस्त्याच्या लेखी शून्य. रस्त्याच्या लेखी गाडी म्हणजे दोन सेकंद.

आता एक अरुंद पूल घ्या. दोन सेकंदाला एक गाडी सोडतो. सकाळी त्याहून जास्त गाड्या यायला लागतात, रांग लागते, आणि दोन-अडीच तासांनी विरते. मी आठ वाजता त्या रांगेत शिरते आणि दहा मिनिटं थांबते. माझ्या डोक्यात माझ्या प्रवासाची किंमत दहा मिनिटं. पण माझ्यामुळे माझ्या मागचा प्रत्येक जण दोन सेकंद मागे ढकलला गेला. त्याच्या मागचाही. त्याच्याही मागचा, रांग पूर्ण विरेपर्यंत. मी पूल ओलांडल्यानंतर रांग आणखी एक तास टिकली, तर तेवढ्यात १,८०० गाड्या गेल्या. १,८०० गुणिले दोन सेकंद म्हणजे ३,६०० सेकंद, अख्खा एक तास. मी दहा मिनिटं दिली आणि एक तास घेतला. १,८०० जणांकडून दोन-दोन सेकंदांची वर्गणी काढली, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही.

हा आकडा मला पहिल्यांदा कळला तेव्हा मी तो दोन वेळा मांडून पाहिला. तो चुकत नाही. नियमच करता येतो: तुम्ही गेल्यावर रांग जेवढा वेळ टिकते, तेवढाच एकूण वेळ तुम्ही इतरांचा घेतलेला असतो. यातून एक भलतीच गंमत निघते. सगळ्यात जास्त वेळ कोण खातं? रांगेच्या मधोमध घामाघूम झालेला नव्हे. रांग धरायला लागते त्या क्षणी पुलावर पोचणारा. तो स्वतः जवळजवळ थांबतच नाही, आणि त्याचे दोन सेकंद मात्र पुढचे दोन-अडीच तास रांगेत फिरत राहतात. 'मी बाई लवकर निघते, मला ट्रॅफिक लागत नाही' असं कौतुकानं सांगणारी मीच ती. आणखी अर्धा तास आधी निघाले असते, रांग धरायच्या आत पार झाले असते, तर कुणाचंच काही गेलं नसतं. आणि शेवटच्या टोकाला, रांग विरता विरता येणारा आळशी माणूस या हिशेबात जवळपास संत ठरतो.

घाईच्या वेळेच्या रांगेचं असं गणित विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञानं १९६९ मध्ये मांडलं. आपण इतरांवर टाकलेला भार आपल्या बिलात येत नाही, हे रस्त्याच्याच उदाहरणानं आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये सांगितलं होतं. विक्रींनी त्याला घड्याळ जोडलं. गर्दीच्या वेळी रस्त्याचं भाडं घ्या, हे ते १९५० च्या दशकापासून सांगत होते आणि कुणी मनावर घेत नव्हतं. १९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांनी ते वारले.

दोन सेकंदांचं हे नाणं हातात आलं की गाड्यांबद्दलचे पुष्कळ वाद झटपट निकालात निघतात. विजेवर चालणारी गाडी धूर सोडत नाही, ही मोठी गोष्ट आहे, पण रस्त्यावर ती दोनच सेकंद घेते. छोटी गाडीही जवळपास तेवढेच, कारण अंतर राखायचंच असतं. गाडीची लांबी त्या मानानं किरकोळ. चालकाविना चालणारी गाडी मालकाला सोडून पार्किंग शोधत एकटीच फिरू लागली, तर ती आत एकही माणूस नसताना दोन सेकंद घेईल. चाळीस माणसं एकेकट्यानं गाडीतून निघाली तर ८० सेकंद. तीच चाळीस एका बसमध्ये बसली तर बस लांब आहे, सावकाश निघते, म्हणून पाच सेकंद धरा. घरून काम करणारा शून्य. बसवाल्याला स्वतंत्र लेन द्यायची म्हटली की 'एवढी लेन रिकामी पडलीय' अशी ओरड होते. दर मिनिटाला एक भरलेली बस जाणारी लेन पाहणाऱ्याला ५५ सेकंद रिकामीच दिसणार. तासाला साठ बस गुणिले चाळीस, म्हणजे २,४०० माणसं. शेजारची खचाखच भरलेली लेन, एकेकटा माणूस असेल तर, जास्तीत जास्त १,८०० नेते, आणि तीही सरकत असेल तरच.

'रस्ता रुंद करा' या मताकडे वळू. हे मत मूर्खपणाचं अजिबात नाही. नळाला पाणी कमी येतं तेव्हा मोठा पाइप टाकतो, तोच विचार. फरक इतकाच की रस्त्याकडे येणाऱ्या गाड्यांची संख्या ठरलेली नसते. अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच लिहून ठेवलं होतं की शहरातल्या महामार्गांवर घाईच्या वेळची गर्दी रस्त्याच्या क्षमतेएवढी वाढतेच. रस्ता रुंद झाला की पहिले काही महिने स्वर्ग. मग जे कोंडी टाळायला सहाला निघत होते ते म्हणतात, आठला निघायला काय हरकत आहे? जे आडवाटेनं जात होते ते परत येतात. जे रेल्वेनं जात होते त्यांतले काही गाडी काढतात. आणि पाच-दहा वर्षांत आणखी एक गोष्ट होते: शहराबाहेर स्वस्तात मोठं घर मिळतंय आणि रस्ता तर मोकळा आहे, म्हणून लोक तिकडे राहायला जातात.

मुळात माणसं रोजच्या येण्या-जाण्यावर साधारण तासभर घालवत आली आहेत, असं याकोव्ह झहावी यांना १९७० च्या दशकात दिसलं आणि चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञानं १९९४ मध्ये त्याचा मोठा पसारा मांडला. चालण्याच्या काळात शहरं चालत तासाभरात जाऊन येता येईल एवढी, गाड्यांच्या काळात गाडीनं तासाभरात जाऊन येता येईल एवढी. हे काही निसर्गाचं अटळ सूत्र नाही. कित्येकांचा तास केव्हाच दीड-दोन तासांचा झालाय. पण मथितार्थ खरा आहे. वेग वाढवून दिला की आपण वेळ वाचवत नाही, लांब राहायला जातो.

टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हे यातलं नेहमीचं उदाहरण. सुमारे २८० कोटी डॉलर घालून २००८ पर्यंत तो इतका रुंद केला की शेजारचे जोडरस्ते धरून काही ठिकाणी २६ लेन होतात. काही वर्षांतच घाईच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबत गेला. जिल्स ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी तपासली, तेव्हा महामार्गांची लांबी जितके टक्के वाढली, जवळपास तितकेच टक्के गाड्यांचं पळणंही वाढल्याचं दिसलं.

इथं रस्ताविरोधक जरा जास्तच खूश होतात, म्हणून त्यांनाही टोकते. रुंद रस्त्यावरून जास्त माणसं जातात, माल जातो, कुणाला लांबची नोकरी मिळते, कुणाला परवडणारं घर. हा फायदाच आहे. रुंदीकरणाच्या नावानं 'कोंडी संपेल' असं जे वचन दिलं जातं, तेवढं खोटं असतं.

बरं, रुंद नको, नवा जोडरस्ता तरी काढा. याचंही एक गणित आहे, आणि ते वाचून अंगावर काटा येतो. जर्मन गणिती डीट्रिश ब्रेस यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या कोड्याचं हे प्रचलित रूप. ४,००० गाड्यांना एका गावाहून दुसऱ्या गावी जायचंय. दोन मार्ग आहेत. पहिल्यावर आधी अरुंद पूल, मग रुंद हमरस्ता. दुसऱ्यावर आधी हमरस्ता, मग अरुंद पूल. हमरस्त्याला कितीही गर्दी असो, ४५ मिनिटं लागतात. पुलाला मात्र त्यावरच्या गाड्यांच्या संख्येला १०० नं भागून जेवढे येतील तेवढी मिनिटं. गाड्या आपोआप निम्म्या-निम्म्या वाटल्या जातात: पुलावर २,००० म्हणजे २० मिनिटं, अधिक ४५, एकूण ६५.

आता पहिल्या मार्गावरचा पूल जिथं संपतो तिथून दुसऱ्या मार्गावरचा पूल जिथं सुरू होतो तिथवर एक झकास जोडरस्ता बांधला. इतका आखूड की वेळ लागतच नाही. पहिला हुशार चालक बघतो: पूल, जोडरस्ता, पूल, २० अधिक २०, चाळीस मिनिटांत पोचलो! दुसऱ्या दिवशी सगळेच हुशार होतात. आता दोन्ही पुलांवर चारही हजार गाड्या, ४० अधिक ४०, एकूण ८० मिनिटं. मग परत जुन्या वाटेनं का जात नाहीत? कारण जुनी वाट धरणाऱ्याला एक गच्च पूल आणि हमरस्ता मिळून ८५ लागतात. कुणीही गाढवपणा केला नाही, प्रत्येकानं स्वतःपुरता उत्तम निर्णय घेतला, सरकारनं नवा रस्ता बांधून दिला, आणि सगळ्यांचा प्रवास १५ मिनिटांनी लांबला.

खरे रस्ते एवढे आखीव नसतात. पण दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये चोंग्येचोन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग २००३ पासून पाडायला घेतला आणि २००५ मध्ये तिथं पुन्हा वाहता ओढा खुला केला, तेव्हा ज्या हाहाकाराचं भाकीत होतं तो काही झाला नाही. २००४ मध्ये तिथल्या बससेवेची मोठी सुधारणा झाली होती, हेही त्याचं एक कारण, म्हणून सगळं श्रेय ब्रेस यांच्या पदरात टाकता येत नाही.

ब्रेस यांच्या कोड्यातला तो 'पहिला हुशार चालक' आता आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये बसलाय. नेव्हिगेशन अॅपला माझा रस्ता विचारला की ते माझ्यापुरतं उत्तर देतं, आणि ते उत्तर बहुधा बरोबर असतं. माझ्यासारख्या हजारांना तसंच 'माझ्यापुरतं' उत्तर मिळालं की मुलं खेळतात त्या गल्ल्या महामार्ग होतात. न्यू जर्सीतल्या लिओनिया या छोट्या गावानं याला वैतागून जानेवारी २०१८ मध्ये घाईच्या वेळी साठेक गल्ल्या बाहेरच्या गाड्यांना बंद केल्या. बर्लिनमधल्या सायमन वेकर्ट या कलावंतानं २०२० मध्ये वेगळीच गंमत दाखवली. ९९ फोन एका हातगाडीत भरले आणि मोकळ्या रस्त्यावरून ती सावकाश ओढत नेली. गूगल मॅप्सवर तो रस्ता लालभडक झाला. नकाशावरचा लाल रंग म्हणजे रस्ता नव्हे, सावकाश सरकणारे फोन.

अॅपला शिव्या देऊन आपल्या सवयीला मात्र डोक्यावर घेऊ नका. लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४ मध्ये भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला, काही स्थानकं बंद राहिली आणि रोजच्या प्रवाशांना दुसरी वाट शोधावी लागली. संप मिटल्यावर सुमारे पाच टक्के लोक जुन्या वाटेवर परत आलेच नाहीत. अडचण आली म्हणून त्यांना अधिक सोयीची वाट सापडली होती. वर्षानुवर्षं 'माझा रस्ता मला चांगला माहीत आहे' म्हणणाऱ्यांमधलेच होते ते.

राहिला पैशांचा प्रश्न. गर्दीच्या वेळी रस्त्याचं भाडं घ्यायचं, ही विक्रींची कल्पना सिंगापूरनं १९७५ मध्येच उचलली होती, लंडननं २००३ मध्ये, न्यूयॉर्कनं जानेवारी २०२५ मध्ये. कुठंही हे नाव काढलं की पहिली प्रतिक्रिया तीच: हा श्रीमंतांसाठी रस्ता रिकामा करून देण्याचा डाव आहे. माझीही तीच होती आणि ती सगळीच चुकीची नव्हती. ज्याला कामाची वेळ बदलता येत नाही आणि जिथं बसही धड येत नाही, त्याच्याकडून पैसे घेणं हा जुलूमच. म्हणून गोळा झालेला पैसा कुठं जातो, हा या योजनेतला कळीचा प्रश्न आहे. तो बस-रेल्वेवर जात नसेल तर मीही विरोधातच उभी राहीन.

पण रांगही फुकट नसते. तिथं भाडं वेळेत भरावं लागतं, आणि ते सगळ्यांत जड जातं ते तासावर मजुरी मिळणाऱ्याला. शिवाय नोटा भरल्या तर त्या कुणाच्या तरी हातात पडतात, त्यातून बस येऊ शकते. रांगेत गेलेला वेळ कुणाच्याच हातात पडत नाही. आणि भाड्याचं काम सगळ्यांना हाकलण्याचं नसतंच. तासाला १,८०० सोडणाऱ्या पुलाकडे १,९०० आल्या म्हणून रांग लागते. ते वरचे शंभर दुसऱ्या वेळी गेले तरी पुरे.

स्टॉकहोमनं हे २००६ च्या जानेवारी ते जुलैमध्ये आधी चाचणी म्हणून केलं. सुरू होण्याआधी बहुसंख्य लोक विरोधात होते. सुरू झाल्यावर शहराच्या मध्यभागाची हद्द ओलांडणाऱ्या गाड्या साधारण २० टक्क्यांनी कमी झाल्या, आणि तेवढ्यानं रांगा डोळ्यांत भरण्याइतक्या आखडल्या. जुलैअखेर चाचणी थांबवली, तर गर्दी पुन्हा वाढली. सप्टेंबरमध्ये मतदान घेतलं तेव्हा शहरानं थोड्या फरकानं का होईना, भाड्याच्या बाजूनं कौल दिला, आणि २००७ मध्ये ते कायमचं लागू झालं. पाठिंबा नंतर वाढतच गेला.

या कामात सहभागी असलेले वाहतूकतज्ज्ञ योनास एलियासन यांना साहजिकच कुतूहल होतं की इतक्या लोकांचं मन कशानं पालटलं. म्हणून लोकांना गाठून विचारण्यात आलं, तुम्ही आधी विरोधात होतात, मग मत का बदललंत? तर मत बदललेली माणसं सापडेचनात. विचारलेल्यांपैकी बहुतेकांचं म्हणणं होतं की आपण पहिल्यापासून याच्या बाजूनंच होतो.